सत्तावीस ऑगस्टची मोनिका

सिस्टर गर्ट्रूड याप जिना चढून वर आल्या तेव्हा त्यांना इतका दम लागला होता की पहिली दोन मिनिटं त्या नुसत्या हातानंच ‘थांबा, सांगते’ म्हणत राहिल्या.

कंदय्यांनी खुर्ची पुढे केली. छत्तीस वर्षं रेल्वेत काढून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ अजूनही समोरच्याचं सामान पाहून त्याचा प्रवास ओळखू पाहायचा. एक काळी छत्री, एक कापडी पिशवी, पिशवीत काहीतरी जड; आणि ती पिशवी मांडीवर, जमिनीवर नाही. बाई गाडीत बसल्या आहेत, पण कुठं उतरायचं ते त्यांना माहीत नाही, अशी नोंद त्यांनी मनात करून टाकली.

टेबलापलीकडे मिस फिलोमिना मिंजूत कॉफीत बिस्किट बुडवत होत्या. पोलिसातून इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडल्यावर त्यांनी सुंगाई लिमाऊच्या बाजारात, आ-हेंगच्या कॉफीच्या दुकानावरची ही खोली घेतली आणि ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावली. चौकशा फारशा येत नसत. कॉफी येई.

“मिस मिंजूत,” सिस्टर म्हणाल्या, “परवा रविवारी एका मरणाऱ्या बाईच्या हातात मला तिचं रक्ताचं माणूस द्यायचंय. आणि ते तिचंच आहे की नाही, याची मला खात्री नाही.”

बिस्किटाचा तुकडा कॉफीत गळून पडला. मिस मिंजूतनी चमच्यानं तो शोधायला सुरुवात केली. “सुरुवातीपासून सांगा, सिस्टर. कंदय्या, वही.”

“सेंट ओडील कॉन्व्हेंटला यंदा शंभर वर्षं होतात. चार फ्रेंच मदर बैलगाडीतून आल्या, चिखलात गाडी रुतली, जिथं रुतली तिथंच शाळा...”

“पाठ आहे. दर संमेलनात मी बैल व्हायचे. पुढे.”

सिस्टर पहिल्यांदा हसल्या आणि लगेच थकल्या. “त्या शंभर वर्षांचा इतिहास लिहायचं काम आम्ही मिस रेजिना चोंगला दिलं. आमचीच विद्यार्थिनी, आमच्याकडेच शिकवते, चोवीस वर्षांची आहे. मागच्या भिंतीतलं ते दार तुम्हाला आठवतं ना? लोक रात्री तान्ह्या मुली ठेवून जायचे. पहाटे घंटा वाजायच्या आधी मदर क्लेमान्स दार उघडायच्या. मूल मिळालं की वहीत तारीख, अंगावर काय होतं ते, आणि नाव. नाव ठरवायला त्रास नाही. ज्या संताचा दिवस, त्या संताचं नाव.”

“आणि मरणारी बाई?”

“मादाम चिया. टेकडीवरचा पिवळा बंगला. गेल्या महिन्यात त्यांचं पत्र आलं. सत्तावीस ऑगस्ट १९३६ च्या पहाटे त्यांनी निळ्या कापडात गुंडाळून मुलगी दारात ठेवली होती. सासूनं ठेवून घेऊ दिली नाही. आता सासू नाही, नवरा नाही, कोणीच नाही. डॉक्टर म्हणतात, ईस्टर काही त्या बघणार नाहीत.” सिस्टरनी पिशवीतून जाड वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या होत्या. “हे पाहा. सत्तावीस ऑगस्ट. निळं कापड. मोनिका.”

“ही मोनिका कुठं आहे?”

“वारली. अठरा वर्षं झाली. रेजिनाची आई.”

कंदय्यांचं पेन थांबलं. मिस मिंजूतचं तोंडही.

“म्हणजे इतिहास लिहिणारीच नात निघाली,” मिस मिंजूत सावकाश म्हणाल्या.

“म्हणूनच आले. तसं सगळं जुळतं. नावही जुळतं. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर सत्तावीस ऑगस्टला संत मोनिकाच आहे, मी स्वतः पाहिलं. पण सिस्टर अक्विनास म्हणतात, हे पान खोटं बोलतंय. का, ते त्यांना सांगता येत नाही. चौऱ्याऐंशी वय आहे. त्यांना तारखा आठवत नाहीत, मिस मिंजूत. पण त्या कधी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.”

“जमिनीचं काही?”

सिस्टरच्या गालावर रंग चढला. “वारस मिळाला तर बंगल्याखालचं मैदान शाळेला, असं पत्रात आहे. ते असो-नसो. मला फक्त चुकीचं माणूस द्यायचं नाही.”

कंदय्यांनी वही जवळ ओढली आणि सवयीनं १९३६ चं पान उतरवून घेतलं. आकडे आणि तारखा दिसल्या की त्यांचा हात आपोआप चालतो.

चार मे, मोनिका. बावीस जुलै, मॅग्डलेन. बारा ऑगस्ट, क्लारा. सत्तावीस ऑगस्ट, मोनिका. चार ऑक्टोबर, फ्रान्सिस्का. बावीस नोव्हेंबर, सिसिलिया.

“एका वर्षात दोन मोनिका,” ते म्हणाले. “मदरकडे नावं संपली वाटतं.”

“संत काही कमी नाहीत, कंदय्या. दिवस संपतील.”

“आणि ही दुसरी मोनिका ऐसपैस बसलीय. रिकाम्या डब्यात पाय पसरून बसावं तशी. बाकीच्या ओळी कशा गच्च आहेत.”

मिस मिंजूतनी भिंग घेऊन ती ओळ पाहिली. कागद तिथं जरा पातळ होता. पण त्या वहीत पातळ नाही असा कागदच कुठं होता? ओल, वाळवी आणि युद्धाची तीन वर्षं कोळशाच्या कोठारात पुरून ठेवलेली वही ती.

“चला,” त्या उठल्या. “आज शुक्रवार आहे. उपासाचा दिवस, कॉन्व्हेंटात मासा असेल.”

*

एकेकाळी चाळीस सिस्टर राहत त्या इमारतीत आता तिघी उरल्या होत्या. पांढऱ्या लांब व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि एकाच खुर्चीत माणूस. सिस्टर अक्विनास. साठ वर्षांपूर्वी आयर्लंडहून आलेल्या. आता बोलण्यात अर्ध्याहून अधिक मलय मिसळलेलं.

“फिलोमिना! अजून आहेस तू?” म्हातारीनं डोळे बारीक केले. “तुझ्या संताला तर रोमनं यादीतून काढून टाकलं.”

“माझी पेन्शन काढली नाही तोवर चालेल, सिस्टर.”

“हं. माझ्या संताला काढलं नाही, नुसतं हलवलं. तीन दिवसांनी माझा नामदिन आहे. बघ, कोणी केक आणतंय का. इथं सगळ्यांना विसर पडलाय.”

सिस्टर गर्ट्रूड कंदय्यांच्या कानाशी लागल्या. “जानेवारीच्या अठ्ठावीसला कापला होता केक. दोन तुकडे खाल्ले. आता सोमवारी, सात मार्चला, पुन्हा मागणार. दर वर्षी हेच.”

“मी बहिरी नाही, गर्ट्रूड. तो केक चांगला होता. पण तो माझा नव्हता.”

मिस मिंजूत खुर्चीशेजारी जमिनीवरच बसल्या. शाळेतल्या मुलीसारख्या. “वहीतल्या त्या पानाचं काय, सिस्टर?”

म्हातारीनं अंगणातल्या चाफ्याकडे नजर वळवली. “तो तिचा दिवस नाही,” ती म्हणाली. “कोणाचा ते आठवत नाही. पण तिचा नाही.” मग एकदम चिडून, “आणि उन्हात बसू नकोस, काळी पडशील. आधीच काय गोरी आहेस!”

*

वाचनालयात मिस रेजिना चोंग उभीच होती. टेबलावर टाइप केलेल्या पानांचा नीटनेटका गठ्ठा, शेजारी पेन्सिली एका मापाच्या, तासलेल्या. कंदय्यांना ही मुलगी आवडली. अशी माणसं गाडी चुकवत नाहीत.

“तुम्ही मला तपासायला आलात,” ती म्हणाली.

“वहीला,” मिस मिंजूत म्हणाल्या. “ती किती दिवस तुझ्याकडे होती?”

“तीन महिने. किल्ली सिस्टर गर्ट्रूडकडे असायची, पण मी मागितली की मिळायची.”

“आई आठवते?”

“शिवणयंत्राचा आवाज आठवतो. मी सहा वर्षांची होते.” तिनं चष्मा पुसला. “तिच्या ओळखपत्रावर जन्मतारखेच्या जागी फक्त साल होतं, १९३६. मला नेहमी वाटायचं, माणसाला निदान एक दिवस तरी असावा.”

“दाराच्या मुलींची यादी केलीस?”

तिनं गठ्ठ्यातलं एक पान काढून दिलं. “एकशे बारा. आज हयात पाच. तिघी सिंगापूरला, एक इपोहला, एक मेलबर्नला मुलाकडे.”

“बाकी कोणी नाही?”

“नाही.”

कंदय्यांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. जोसेफीन नावाच्या दोघी होत्या, १९०९ आणि १९२२, दोघींपुढे वारल्याचा क्रूस. यादी कशी अगदी चोख होती. त्यांनी मनातल्या मनात तिला पैकीच्या पैकी गुण दिले.

*

स्वयंपाकघरात चिंचेच्या रश्शाचा वास भरला होता. मोठ्या चुलीपुढे एक आडव्या हाडाची बाई पळीनं फेस काढत होती. पन्नाशीची, केस घट्ट बांधलेले, हातावर जुने चटके.

“जोसीताई, काय मासा आहे?” मिस मिंजूतनी झाकण उचललं.

“बांगडा. आणि झाकण ठेवा, वाफ जाते. इन्स्पेक्टर झालात म्हणून काय झालं!”

कंदय्यांना एका स्टुलावर बसवण्यात आलं आणि त्यांच्यापुढे अननसाच्या वड्यांची बशी आली. “घ्या. पिवळ्या बंगल्यात पाठवते त्यातल्याच आहेत. थोरल्या मादामना आता दुसरं काही जात नाही. वीस वर्षं दर नववर्षाला आमच्याच वड्या मागवतात.”

“तुम्ही इथं कधीपासून?” कंदय्यांनी विचारलं, वडी तोंडात असताना जमेल तसं.

“दारापासून,” ती म्हणाली. जणू सगळे तिथूनच येतात. “मला लिहिता-वाचता येत नाही हो अण्णा, मदरनी फार मारलं तरी डोक्यात शिरलं नाही. मग चुलीशी बसवलं. चूल कधी शब्द विचारत नाही.”

“वाढदिवस?”

“एकोणीस मार्च. संत जोसेफचा दिवस. सगळ्या जोसेफीनांचा एकदमच करायच्या. पण मदर क्लेमान्स म्हणायच्या, तू आलीस तेव्हा रस्तोरस्ती कागद जळत होते आणि तू शिंकत होतीस. अजून धूर सोसत नाही मला.” ती खो-खो हसली. “आणि नशीब बघा, जन्मभर चुलीपुढे!”

“छिंग मिंग,” कंदय्या जाणकारपणे म्हणाले. “मार्च-एप्रिलात चिनी लोक पितरांसाठी कागद जाळतात. तारीख बरोबर जुळते.”

मिस मिंजूतनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की कंदय्यांना आपण चुकीच्या फलाटावर उभे असल्यासारखं वाटलं.

“वड्या खा,” त्या म्हणाल्या. “आणि जेवणापूर्वी सगळ्यांना भोजनगृहात बोलवा. सिस्टर अक्विनासनाही. त्यांचं जुनं प्रार्थनापुस्तक घेऊन.”

*

शंभर मुलींसाठी केलेल्या त्या लांब टेबलाच्या एका टोकाला पाच जण बसले. जोसेफीन उभीच राहिली. रस्सा चुलीवर होता.

“कंदय्या,” मिस मिंजूत म्हणाल्या, “गाडीत तिकिटांपेक्षा एक प्रवासी जास्त निघाला, तर तुम्ही काय समजता?”

“कोणीतरी बिनतिकीट आहे.”

“आणि त्याच गाडीत एकाच आसनाची दोन तिकिटं निघाली तर?”

“दुसरं बनावट.”

“शाबास. आता तुमची वही काढा. या घरात दाराची एक मुलगी आहे जिची वहीत नोंद नाही. वीस-पंचवीस पावलांवर स्वयंपाक करते. तिच्या वयाची एकही जोसेफीन त्या यादीत नाही. मदर क्लेमान्सनी मांजर आलं तरी लिहून ठेवलं असतं. मग जोसेफीनची ओळ गेली कुठं? आणि १९३६ मध्ये एका मोनिकाऐवजी दोन कशा?”

कंदय्यांना ती चोख यादी आठवली. त्यांनी दिलेले गुण मनातल्या मनात परत घ्यायला सुरुवात केली.

“पण मोनिकाचा दिवस सत्तावीस ऑगस्टच आहे,” सिस्टर गर्ट्रूड म्हणाल्या. “भिंतीवर...”

“भिंतीवर यंदाचं कॅलेंडर आहे. सिस्टर, तुम्ही व्रत कधी घेतलंत?”

“सत्तावन्न साली.”

“तेव्हा पाठ केलेलं आठवा. सिस्टर अक्विनासना केक कधी मिळायचा?”

सिस्टर गर्ट्रूडचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. “सात मार्च,” त्या पुटपुटल्या. “अरे देवा. मार्चमध्येच असायचा.”

“मी काय बोंबलत होते इतकी वर्षं?” सिस्टर अक्विनास म्हणाल्या.

“कंदय्या, तुम्ही आमच्यातले नाही म्हणून सांगते. एकोणीसशे एकोणसत्तर साली रोमनं सगळ्या संतांचं वेळापत्रक बदललं. काहींना हलवलं, काहींना काढलं. माझ्या फिलोमिनाला तर आधीच गाडीतून उतरवलं होतं. संत अक्विनासला मार्चमधून जानेवारीत नेलं. सिस्टर, मोनिका पूर्वी कधी होती?”

म्हातारीनं पुस्तक उघडलंच नाही. “चार मे,” ती म्हणाली.

कंदय्यांनी आपली वही पाहिली. चार मे, मोनिका. त्यांच्याच अक्षरात. सकाळपासून.

“ती खरी मोनिका,” मिस मिंजूत म्हणाल्या. “रेजिनाची आई. तिला दिवस होता. आणि सत्तावीस ऑगस्टला पूर्वी कोण होतं, ते वाचा.”

सिस्टर अक्विनासनी बोटाला थुंकी लावून पान उलटलं. भिंग लावलं. मग त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. “संत जोसेफ कालासान्स. गरिबांच्या मुलांना शाळा काढणारा! मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं होतं!”

स्वयंपाकघराच्या दाराशी पळी खाली पडली.

“कागद रस्त्यात जळत होते,” मिस मिंजूत म्हणाल्या. “छिंग मिंगला लोक कागद जाळतात ते स्मशानात जाऊन. रस्तोरस्ती जाळतात ते भुतांच्या महिन्यात, ऑगस्टच्या सुमाराला. त्या महिन्यात जन्मलेली मुलगी जुन्या सासवा घरात ठेवून घ्यायच्या नाहीत. खोडलेल्या जागेत मोनिका ऐसपैस बसली, कारण तिथं तिच्याहून लांब नाव होतं.”

“कोणी केलं?” कंदय्यांनी विचारलं; पण त्यांचा आवाज आधीच खाली आला होता.

“जोसेफीनला अक्षर येत नाही. सिस्टर अक्विनास आजही जुन्याच वेळापत्रकावर उभ्या आहेत, त्यांच्या हातून ही चूक होणार नाही. सिस्टर गर्ट्रूडना मैदान हवं असतं, तर जोसीताईसारखी वारस कुठं मिळाली असती? ती बंगलासुद्धा चुलीसकट कॉन्व्हेंटला देऊन टाकेल. नाव बदलायचं कारण त्यांना नव्हतं, आणि बदललं असतं तर त्या मला बोलवायला जिना चढल्या नसत्या. उरलं ते माणूस, ज्याच्या कळत्या वयापासून मोनिका ऑगस्टमध्येच आहे. तीन महिने वही ज्याच्याकडे होती. आणि दाराच्या मुली मोजताना जे मेलबर्नपर्यंत गेलं, पण स्वयंपाकघरात गेलं नाही.”

रेजिनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पत्र आलं त्या दिवशी मी वही उघडली,” ती म्हणाली. “जोसेफीन लिहिलेलं होतं. मग भिंतीवर बघितलं. सत्तावीस ऑगस्ट, संत मोनिका. मला वाटलं, मदरचीच चूक झाली असेल. दुपारभर मी तेच समजत राहिले. मग समजणं बंद केलं आणि ब्लेड घेतलं.” ती जोसेफीनकडे बघत नव्हती. “माझ्या आईला शोधायला कधी कोणी पत्र लिहिलं नाही. एकदा तरी कोणी लिहावं, असं वाटलं.”

“मैदानासाठी नाही?” सिस्टर गर्ट्रूडनी विचारलं.

“मैदानाचं मी काय करू, सिस्टर?”

बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलींचा गलका व्हरांड्यातून धावत गेला. कंदय्यांना वाटलं, गुन्हा उलगडला की हलकं वाटतं म्हणतात. मग या टेबलाभोवती सगळेच असे थकलेले का दिसतात?

जोसेफीननं पळी उचलली, पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली. “म्हणजे थोरल्या मादाम,” ती म्हणाली. “वीस वर्षं माझ्या वड्या खातात त्या.”

“हो.”

“कधी गोड जास्त झालं, असा निरोप यायचा. मला राग यायचा.” तिनं एप्रनची गाठ घट्ट केली. “रविवारी जायचं?”

“आजही जाता येईल,” मिस मिंजूत म्हणाल्या.

“आधी मुलींची जेवणं होऊ देत. बावन्न वर्षं थांबल्या, तासभर थांबतील.” ती आत वळली, पुन्हा थांबली. “रेजिना. उठ. तोंड धू. तू यायचंस माझ्याबरोबर.”

“मी?”

“मला मोठ्या घरात बोलता येतं का? तू शिकलेली. तू बोल, मी बसते.” मग पाठ फिरवूनच म्हणाली, “मोनिका माझ्या शेजारच्या खाटेवर झोपायची. धूर झाला की माझ्या नाकावर आपली चादर धरायची. तू विचारायला हवं होतंस मला. मी सांगितलं असतं तिच्याबद्दल. सगळं.”

रेजिना तेव्हा रडली. त्याआधी नाही.

*

मादाम चिया रविवारी पहाटे गेल्या. दीड दिवस मिळाला. जोसेफीन म्हणे फारसं काही बोलली नाही. भाताची पेज करून भरवली. म्हातारीनं एकदाच तक्रार केली, मीठ कमी आहे म्हणून.

इतिहासाचं ते पान रेजिनानंच लिहिलं. ब्लेडसकट, स्वतःच्या नावासकट. ते छापायचं की नाही यावर सिस्टर गर्ट्रूड अजून प्रार्थना करताहेत. शाळेतून तिला काढायचं की नाही, यावरही. यादी मात्र दुरुस्त झाली. हयात सहा.

सोमवारी, सात मार्चला, कंदय्या आ-हेंगच्या शेजारच्या बेकरीतून लोण्याचा केक घेऊन व्हरांड्यात गेले. उपासाच्या दिवसांत केक चालतो का, हे त्यांना माहीत नव्हतं.

“आपल्या संताच्या दिवशी देव एक डोळा मिटतो,” सिस्टर अक्विनास म्हणाल्या आणि तिसरा तुकडा घेतला. मग त्यांनी कंदय्यांना नीट न्याहाळलं. “तुझा दिवस कधी असतो?”

“आमच्यात तसं नसतं, सिस्टर.”

“नसतं कसं? सगळ्यांना असतो.” म्हातारीनं उरलेला केक त्यांच्याकडे सरकवला. “आजचा घे. माझा आहे, पण मोठा आहे.”